मुकादम आणि दोन कुलपं

आमच्या इमारतीची लिफ्ट मी बुडवली. ‘बंद पाडली’ असं शेजारी म्हणतात, पण तो त्यांचा चांगुलपणा. बुडवायला पाणी लागतं, आणि ते मी पाचव्या मजल्यावरून, रबरी नळीने, स्वतःच्या हाताने आणि सढळपणे सोडलं होतं.

झालं असं, की आमच्या दारासमोरच्या फरशीवर कुणीतरी काहीतरी चिकट सांडलं होतं. सफाईवाला येईपर्यंत थांबा, असं बायकोचं म्हणणं. पण निवृत्त माणसाच्या अंगात सकाळचा चहा झाल्यावर जे काही संचारतं, त्यावर अजून औषध निघालेलं नाही. मी न्हाणीघरातल्या नळाला पाइप जोडला, तो दिवाणखान्यातून बाहेर काढला आणि सोडलं पाणी. पाणी फरशीवर जरा रेंगाळलं, मग लाडात आल्यासारखं वळलं आणि लिफ्टच्या दाराखालच्या फटीत शिरलं. मला उलट आनंद झाला. म्हटलं, चला, पुसायचं काम वाचलं!

तेवढ्यात खालून ठक्क असा आवाज झाला. जिन्यातला दिवा गेला. आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधल्या अंधारातून आमच्या इमारतीच्या अध्यक्षबाईंचा आवाज वर आला, "कोण आहे रे तो?"

मी पाइप गुंडाळायला लागलो.

"कोण आहे ते ठाऊक आहे त्यांना," बायको म्हणाली. "नुसतं तुमच्या तोंडून ऐकायचंय."

लिफ्टवाल्या कंपनीची माणसं तासाभरात आली. तिघं होते. पुढे एक विशी ओलांडलेली मुलगी, हातात अवजारांची पेटी, केस रुमालाने बांधलेले. मागे दोन तरुण. एक इतका उंच की आमच्या दरवाज्यातून येताना त्याने सवयीने मान वाकवली; तो समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड मुलखातून आलेला, त्याला सगळे लंबू म्हणत. आपली भाषा तो नव्या बुटांसारखी वापरी, जपून आणि जरा चावत. दुसरा उन्हाच्या देशातला, बुटका, गोल आणि सतत गुणगुणणारा. त्याचं नाव गवई पडलं होतं. आणि मुलगी या दोघांहून लहान, टोळीत सगळ्यांत मागून आलेली, म्हणून तिला म्हणत मुकादम. आधी थट्टेने म्हणत असावेत. मी पाहिलं तेव्हा त्यात थट्टा फारशी उरलेली नव्हती.

मुकादमने आल्या आल्या गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन, चाक हाताने फिरवून, अध्यक्षबाईंना इंचाइंचाने दुसऱ्या मजल्यावर उतरवलं. बाई बाहेर आल्या त्या थेट जिना चढून माझ्या दाराशी.

"आज सहाव्या मजल्यावरची सून बाळ घेऊन घरी येणार आहे, माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या. "पोटाचं ऑपरेशन झालंय तिचं. डॉक्टरांनी पायरी चढायची नाही म्हणून सांगितलंय. आणि तुम्ही लिफ्टला आंघोळ घालताय!"

गच्चीवरून उतरत आलेली मुकादम मध्ये पडली. "होईल बाई संध्याकाळपर्यंत. खाली खड्ड्यात पाणी साचलंय, ते उपसायचं, तारा वाळवायच्या, दोन सुटे भाग बदलायचे. काका, तुम्ही एक काम कराल?"

"सांग ना," मी उत्साहाने म्हणालो.

"कशालाही हात लावू नका."

हे काम मी दिवसभर मन लावून केलं. पण तोंडाला तिने बंदी घातली नव्हती. त्यातून मला एक निमित्तही होतं. आमच्या वाचनालयात पुढच्या आठवड्यात माझं भाषण ठरलेलं, विषय ‘आजच्या तरुणांना नोकरीत हवं तरी काय?’ भाषण माझ्या डोक्यात तयारच होतं. त्यांना पगार हवा, सुट्टी हवी आणि साहेब नको, असा एकूण सारांश. मी स्वतः आयुष्यभर विम्याच्या कचेरीत खिडकीजवळच्या खुर्चीसाठी झुरलो, ती निवृत्तीच्या आधल्या वर्षी मिळाली, आणि त्याच वर्षी समोर नवी इमारत उभी राहून खिडकीत फक्त कुणाचीतरी वाळत घातलेली पॅन्ट दिसायला लागली. अशा माणसाने तरुणांना चार गोष्टी सांगायला हरकत नसावी. आता घरबसल्या तीन तरुण सापडले होते, तेही तीन मुलखांचे. मी खुर्ची घेऊन त्यांच्या मागे मागे हिंडू लागलो.

आधी मी मुकादमच्या मागे गच्चीवर गेलो. तिने यंत्राच्या खोलीतला मोठा खटका खाली ओढला, त्याच्या दांड्यात चार-सहा भोकांची एक लोखंडी पट्टी अडकवली आणि पट्टीच्या एका भोकात आपलं पिवळं कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या दोरीला बांधली. लंबूने निळं लावलं, गवईने लाल.

"चोरी होते की काय खटक्याची?" मी विचारलं.

"चोरी नाही काका. आम्ही आत उतरतो ना, तेव्हा वरून कुणी वीज सुरू केली तर लिफ्ट आमच्या डोक्यावर येईल. म्हणून जो उतरतो त्याने आपलं कुलूप लावायचं, आणि बाहेर आला की आपल्याच हाताने काढायचं. एक जरी कुलूप लटकत असलं तरी खटका वर जात नाही."

"आणि साहेब म्हणाला काढ, तर?"

"साहेबाकडे किल्ली नाही," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला इतका आनंद झाला की मला माझ्या कचेरीतले सगळे साहेब आणि त्यांच्या किल्ल्या आठवल्या.

काम करता करता तिने स्वतःबद्दलही सांगितलं. आधी ती एका कपड्यांच्या मोठ्या दुकानात होती. तिथे दिवसभर हसायचं, हाच नियम. "रात्री गाल दुखायचे काका. घरी आल्यावर आईशी सुद्धा गिऱ्हाइकासारखं हसायचे. आई म्हणाली, बये, इथे काही विकायला नाहीये." मग लिफ्टचं काम शिकली. आता कंपनीत तिला घेतलं होतं ते तात्पुरतं. पक्कं करायचं की नाही, हे साहेब या शनिवारी ठरवणार होता. आणि त्यावर तिचं सगळं अडलं होतं. बेकरीच्या माडीवर तिने एक खोली पाहून ठेवली होती. एक खिडकी, एक मोरी, सकाळी पावाचा वास फुकट. सध्या ती आणि तिची आई मावशीकडे बाहेरच्या खोलीत झोपत, आणि मावशीचे यजमान पहाटे उठून दोघींच्या अंगावरून योगासनांना जात. पण बेकरीवाला म्हणे, नोकरी पक्की असेल तरच खोली. शनिवारपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही, एवढा शब्द त्याने दिला होता.

"म्हणजे शनिवारी खोली," मी म्हणालो.

"शनिवारी पक्की झाले तर खोली," ती म्हणाली. "नाहीतर योगासनं."

गवईला मी दुपारी गाठला. तो लिफ्टच्या टपावर उभा राहून तारा पुसत होता आणि गात होता. विहिरीसारख्या त्या पोकळीतून त्याचा आवाज सातही मजल्यांवर पोचत होता. चौथ्या मजल्यावरच्या आजी दार उघडून जिन्यात ऐकत बसल्या होत्या.

"आमच्याकडे नोकरी मुलाला लागत नाही," तो म्हणाला, "घराला लागते. आई शेजारणीला सांगू शकली पाहिजे. शेजारीण गप्प बसली पाहिजे. मग नोकरी चांगली."

"आणि तुला स्वतःला काय हवं?"

"गाता आलं पाहिजे. पहिल्या ठिकाणी बंदी होती. इथे मुकादम फक्त म्हणते, वरच्या पट्टीत नको, प्लास्टर पडेल."

तिसऱ्या प्रहरी काम संपत आलं. गवईने गच्चीवर जाऊन आपलं लाल कुलूप काढलं. लंबू तेवढा तळाच्या खड्ड्यात गरम हवेचं यंत्र लावून शेवटचा ओलावा वाळवत होता. तो चिखलाने माखून वर आला, हात धुतले, आणि तिथे त्याला मी भेटलो.

"एक विचारू?" मी म्हणालो. "तुमच्या देशात तरुणांना नोकरीत काय हवं असतं?"

लंबू विचारात पडला. हा माणूस प्रश्नाला खरंखुरं उत्तर शोधणाऱ्यातला होता, आणि असा माणूस कामावरून निघताना भेटू नये.

"माझा बाप," तो शब्द निवडत म्हणाला, "मी झोपलो की यायचा. मी उठायच्या आधी जायचा. मी त्याला रविवारी बघायचो, तेव्हा तो झोपलेला. मला काय पाहिजे? संध्याकाळ पाहिजे. माझी मुलगी पाळणाघराच्या दारात उभी राहते. मी दिसलो की उडी मारते. ती उडी..." बोलता बोलता त्याची नजर घड्याळाकडे गेली. "अरे देवा! उडी!" आणि तो लांब लांब टांगा टाकत फाटकाबाहेर पळाला. मी त्याला बसमध्ये चढताना पाहिलं आणि मनात म्हटलं, भाषणाला काय सुंदर वाक्य मिळालं!

वीस मिनिटांनी गच्चीवरून हाक आली, "लंबू कुठाय?"

मी वर गेलो. खटक्यावर तिचं पिवळं कुलूप होतं आणि त्याच्या शेजारी निळं. लंबूची किल्ली लंबूच्या खिशात, खिसा बसमध्ये. लिफ्ट दुरुस्त, वाळलेली, चकचकीत, आणि ठार बंद.

"गेला तो," मी सांगितलं. "मी स्वतः बघितलं."

"तुम्हीच त्याला बोलण्यात गुंतवलं असेल," मुकादम म्हणाली. मी कठड्यावरून दूरवर काहीतरी पाहू लागलो. नेमकी त्याच वेळी खाली एक मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून सहाव्या मजल्यावरची सून, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन, हळूहळू उतरू लागली.

त्यानंतरची गडबड तळमजल्यावर, जिन्यापाशी झाली. सुनेसाठी खुर्ची आली, पाठीला उशी आली. अध्यक्षबाई आल्या. मुकादमने लंबूला फोन लावला. हात ग्रीसने बरबटलेले म्हणून फोन खिडकीत ठेवून स्पीकर लावला, त्यामुळे सगळ्या इमारतीने ऐकलं.

"मुकादम, तोड," बसच्या घरघरीतून लंबू ओरडला. "माझी चूक. मी नवीन कुलूप आणतो. तोड!"

"नाही. तू ये."

"संध्याकाळ आहे! मुलीला घेतलं आत्ताच!"

"मग तुझी संध्याकाळ घेऊन इकडेच ये."

तिकडून फोन बंद झाला. अध्यक्षबाईंचा पारा चढला. "अगं, तो स्वतः सांगतोय तोड म्हणून! हे काका सांगतायत, त्याला जाताना बघितला म्हणून!"

"बाई, आज तो बाहेर आहे, मलाही ठाऊक आहे," मुकादम म्हणाली. "पण आज एवढ्यावर तोडलं ना, की उद्या मी खड्ड्यात असेन आणि एखादे काका म्हणतील, मी तिला जाताना बघितली."

‘एखादे काका’ हे तिने माझ्याकडे न पाहता म्हटलं, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

अध्यक्षबाईंनी थेट तिच्या साहेबाला फोन लावला. साहेबाने मुकादमला फोन लावला. खिडकीतल्या फोनमधून साहेबाचा आवाज सगळ्यांवर बरसला.

"कुलूप तोड आणि लिफ्ट चालू कर! बाळंतीण खाली बसलीय आणि तू नियम काय सांगतेस? शनिवारी तुझंच ठरवायचंय मला, लक्षात आहे ना?"

मुकादमचा चेहरा उतरला. मला तिची ती माडीवरची खोली डोळ्यांसमोर दिसली, एक खिडकी, एक मोरी. मी हळूच म्हटलं, "अगं, माझ्याकडे करवत आहे."

"साहेब, लक्षात आहे," ती फोनला म्हणाली. "पण मी तोडणार नाही."

"मी येतो तिथे! कटर घेऊन येतो!" फोन बंद झाला. मुकादमने चिंधीने हात पुसले आणि जिना चढून वर निघून गेली, खटक्यापाशी बसायला.

मग आम्ही काय करणार? वाट पाहणार. अशा वेळी लोक भांडतात किंवा चहा करतात. आमच्याकडे भांडण करून झालं होतं. दुसऱ्या मजल्याने चहा आणला, तिसऱ्याने बिस्किटं, माझ्या बायकोने घरातल्या सगळ्या खुर्च्या खाली आणवल्या, अर्थात माझ्याकडून. एरवी त्या बाळाने लिफ्टमधून सरळ सहाव्या मजल्यावर जाऊन दार लावून घेतलं असतं, आणि आम्ही त्याला पाहिलं असतं थेट ते सायकलची घंटी वाजवत आमच्या पायावरून जायला लागल्यावर. आता ते मांडी मांडी करत सगळ्या इमारतीतून फिरलं. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, नाक आईचं. सासूबाई म्हणाल्या, नाक आमच्याकडचं. नाक अजून नीटसं आलेलंच नव्हतं. सून हसत म्हणाली, "दवाखान्यात चार भिंती बघून कंटाळले होते. बरं वाटतंय, खरंच." मधेच कुणीतरी बाळ अध्यक्षबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्या वाक्याच्या ऐन मध्यावर होत्या. ते वाक्य तिथेच राहिलं, ते अजून पुरं झालेलं नाही. बाळ किरकिर करायला लागलं तेव्हा गवई पुढे झाला आणि त्याने आपल्या मुलखातलं एक अंगाईगीत, खालच्या पट्टीत, म्हटलं. त्यातला एक शब्द कुणाला कळला नाही. बाळाला सगळा कळला असावा, कारण ते झोपलं, आणि त्याच्यामागोमाग चौथ्या मजल्यावरच्या आजी.

साहेब आला तो या मैफिलीत. जाडजूड माणूस, एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात हातभर लांब कटर. त्याला संतापलेली इमारत अपेक्षित होती. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला. तो तसाच जिना चढू लागला. मी मागून निघालो. चौथ्या मजल्यावर त्याने कप ठेवला, पाचव्यावर हेल्मेट, सहाव्यावर राग. गच्चीवर पोचला तेव्हा त्याच्याकडे फक्त कटर आणि धाप शिल्लक होती.

मुकादम खटक्याशेजारी पेटीवर बसली होती. खटक्यावर दोन कुलपं.

"हे पिवळं कुणाचं?" साहेब धापा टाकत म्हणाला.

"माझं."

"तुझं काम झालंय ना? मग काढ ते."

"त्याचं असेपर्यंत माझं राहणार. तोडायचीच तर दोन्ही तोडा. आधी माझं." ती पेटीवरून उठली नाही.

साहेबाने तिच्याकडे बघितलं. मग कटर उचलून त्याचे जबडे निळ्या कुलपाच्या कडीवर बसवले. दोन्ही हातांनी दाबणार, तेवढ्यात थांबला.

"लंबू नक्की बाहेर आहे ना?"

"तुम्ही सांगा," मुकादम म्हणाली.

"तू बोललीस ना त्याच्याशी?"

"मुलीला घेतलं असं म्हणाला."

"म्हणाला?"

"म्हणाला."

साहेब माझ्याकडे वळला. "तुम्ही पाहिलंत ना?" दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी माझं मत मागत होतं, आणि मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्या कुलपाकडे बघता बघता मलाच शंका यायला लागली. बसमध्ये चढला तो लंबूच होता ना? उंच होता. उंच माणसं जगात कमी नाहीत. "चढला तर होता," मी म्हणालो, "पण शपथ घ्यायला लावू नका."

साहेबाने कटर खाली ठेवलं, तिच्याच शेजारी पेटीवर बसला आणि म्हणाला, "पाणी आहे का कुणाकडे?"

पाणी मी घरातून आणून दिलं. खालून हसण्याचा आवाज येत होता. मग जिन्यात बुटांचा आवाज झाला, आणि दारातून आधी एक लहान मुलगी आत आली, हवेतून, कारण ती लंबूच्या खांद्यावर बसली होती. लंबूने तिच्यासाठी मान वाकवली, गुडघेही वाकवले.

"मी उघडणार!" किल्लीसाठी हात पुढे करत मुलगी म्हणाली.

"नाही बाळा," मुकादम म्हणाली. "ज्याचं त्यानेच काढायचं. तुला मी खाली लिफ्टची सगळी बटणं दाबायला देते. सगळी."

लंबूने निळं कुलूप काढलं. मग तिने पिवळं काढलं. साहेब उठला आणि त्याने स्वतः खटका वर केला. मोटारीने आळस दिल्यासारखा आवाज केला आणि खाली सात मजल्यांतून टाळ्यांचा कडकडाट वर आला.

"माझ्यामुळे हिला काही करू नका साहेब," लंबू म्हणाला. "संध्याकाळ माझी गेली तरी चालेल."

"कुठे गेलीय?" त्याची मुलगी खांद्यावरून म्हणाली. "इथेच तर आहे."

साहेब कटर काखेत मारून दारापर्यंत गेला, तिथून वळला. "ए मुकादम. शनिवारची वाट बघू नकोस. तू पक्की. आज मी हे कापलं असतं तर आयुष्यभर प्रत्येक लिफ्टमध्ये मला घाम फुटला असता." आणि मग, साहेब असल्याचं आठवून, "पण पुढच्या वेळी तळमजल्यावर कुलूप लावायची काहीतरी सोय बघा!"

बाळ-बाळंतीण पहिल्या फेरीत वर गेली, प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत, कारण बटणं दाबायचं काम लंबूच्या मुलीकडे होतं. मुकादमने तिथूनच बेकरीवाल्याला फोन केला. काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण बोलताना ती एका पायावर उड्या मारत होती आणि कपड्यांच्या दुकानाने शिकवलं नसेल असं हसत होती. मग तिने अवजारं पेटीत भरली, पिवळं कुलूप फडक्याने पुसून सगळ्यांत वर ठेवलं. मी पेटी उचलायला गेलो, तिने उचलू दिली नाही.

"मला एक सांग," मी म्हणालो. "साहेब म्हणतोय तोड, लंबू म्हणतोय तोड, सगळी इमारत म्हणतेय तोड. खोली हातची जाणार हे दिसत होतं. एवढं सगळं पणाला लावलंस ते कशासाठी गं?"

"रोज संध्याकाळी धडधाकट घरी जायला, काका."